योजना गावाची, थैली कोणाची?

भोपाळ शहराच्या पूर्व अंगास, ‘भेल’च्या विस्तीर्ण कारखान्याच्या वसाहतीजवळ, सोनागिरी नावाची एक वस्ती आहे. पहाटे नळाला पाणी आले की या वस्तीतील गृहिणी घागरी, बादल्या भरून ठेवते. आणि एखादे दिवशी पाणी आले नाही तर नगरसेवकाच्या नावाने बोटे मोडते. तिच्या दृष्टीने पाण्याचा धनी एकच, आणि तो म्हणजे महापालिका. पण नळाची तोटी महापालिकेची असली तरी तोटीतून येणारे पाणी काही महापालिकेच्या हद्दीत जन्मास येत नाही. भोपाळच्या पाण्याचा एक वाटा मोठ्या तलावातून येतो, दुसरा कोलारच्या धरणातून, आणि तिसरा त्याहूनही दुरून, नर्मदेतून. राजा भोजाने अकराव्या शतकात बांधला असे परंपरेने मानलेला तो मोठा तलाव कोलांस नदीच्या पाण्यावर भरतो. त्याचे पाणलोट क्षेत्र ३६१ चौरस किलोमीटरचे आहे, आणि त्याचा बहुतेक भाग शेतीचा आहे. ती शेते, ते ओढे आणि त्या काठची गावे भोपाळ आणि सीहोर या दोन जिल्ह्यांत विभागलेली आहेत. कोलारचे धरणही सीहोर जिल्ह्यातच आहे.

याचा अर्थ असा की, सोनागिरीच्या घागरीत पडणारे पाणी वाटेत अनेकांच्या हद्दी ओलांडून येते. गावातील गटार ओढ्यात सोडावे की शोषखड्ड्यात जिरवावे, हे ग्रामपंचायत ठरविते. शेताच्या बांधबंदिस्तीचा पैसा कृषी खात्याचा, रस्त्याखालच्या मोरीचा पैसा बांधकाम खात्याचा, तलावाच्या काठाची देखरेख महापालिकेची आणि जमिनीच्या वापराचा नकाशा नगर-नियोजन खात्याचा. प्रत्येकजण आपापली योजना आखतो. त्यांतील बऱ्याच योजना स्वतंत्रपणे पाहिल्या तर चांगल्याही असतात. तथापि ओढा एक आणि धनी अनेक, अशी स्थिती झाली म्हणजे प्रश्न उभा राहतो तो हा: या सर्व योजनांचा मेळ कोणी घालावयाचा? आणि ज्याने मेळ घालावयाचा, त्याच्या हाती थैली आहे काय?

लोकशाही विकेंद्रीकरणाचा सारा प्रश्न या दोन वाक्यांत सामावलेला आहे. अधिकार खाली दिले, निवडणुका घेतल्या, सभा भरविल्या. परंतु पैसा वरच्या खात्यांच्या गाठीस बांधलेला राहिला, तर गावाची योजना म्हणजे केवळ एक अर्ज ठरतो. उलट पैसा खाली गेला पण शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या योजना जोडणारा कोणी उरला नाही, तर ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ अशी गत होते. निधी आणि मेळ या दोन गोष्टी एकमेकींवाचून लंगड्या आहेत. गेल्या पाऊणशे वर्षांत या देशात, विशेषतः मध्य प्रदेशात आणि महाराष्ट्रात, जे प्रयोग झाले ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत.

भोपाळला आज तालुका पातळीवरील पंचायतीस ‘जनपद पंचायत’ म्हणतात. हा शब्द मराठी माणसास अगदीच परका नाही. १९४८ साली, नागपूर ही ज्याची राजधानी होती त्या मध्य प्रांत व वऱ्हाडात, पंडित द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या पुढाकाराने स्थानिक स्वराज्याचा नवा कायदा झाला आणि तहसिलीच्या पातळीवर जनपद सभा अस्तित्वात आल्या. जिल्हा कौन्सिल लोकांपासून दूर पडते, तेव्हा कारभार तहसिलीस आणावा, हा त्यामागील विचार. विचार धाडसी होता. पण जनपद सभांच्या पदरी पडलेली कामे पुष्कळ आणि उत्पन्न तुटपुंजे, ही अडचण तेव्हापासूनच दिसू लागली. १९५६ च्या राज्य-पुनर्रचनेत महाकोशल नव्या मध्य प्रदेशात गेला आणि भोपाळ त्याची राजधानी झाली; विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले. एकाच कायद्याची लेकरे दोन घरांत वाढू लागली.

पुढे १९५७ मध्ये बलवंतराय मेहता समितीने आपला अहवाल दिला आणि विकासाची सूत्रे गट पातळीवरील पंचायत समितीकडे द्यावीत असे सुचविले. महाराष्ट्राने मात्र निराळी वाट धरली. १९६० मध्ये वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९६१ साली असे मत दिले की, योजना आखावयाची, तज्ज्ञ माणसे बाळगावयाची आणि पैशाचा हिशेब ठेवावयाचा, तर जिल्हा हेच योग्य परिमाण होय. गट त्यासाठी लहान पडतो. त्याप्रमाणे कायदा होऊन १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रातील जिल्हा परिषदा कामास लागल्या. प्राथमिक शिक्षण, आरोग्य, रस्ते, लहान पाटबंधारे ही कामे त्यांच्याकडे आली, आणि महत्त्वाची गोष्ट ही की, कामांबरोबर ती करणारे नोकरही आले. कायद्याने अनुदानांचीही तजवीज केली. त्यांत एक कल्पना फार शहाणपणाची होती: जिल्हा परिषदेने आपल्या लोकांवर स्थानिक उपकर बसविला, तर सरकारने त्याच्या जोडीला आपलेही अनुदान घालावे. जो स्वतःच्या खिशात हात घालील त्यास दुसऱ्याने हात द्यावा, असे हे तत्त्व होते. महाराष्ट्राच्या जिल्हा परिषदांनी पुढील दोन दशकांत जे नाव कमावले, त्याचे श्रेय काम, माणूस आणि पैसा एकत्र सोपविण्याच्या या पद्धतीस द्यावे लागेल.

तथापि महाराष्ट्रातही एक गाठ सुटली नाही. जिल्हा परिषद ही ग्रामीण भागाची संस्था. शहरे तिच्या बाहेर. सरकारी खात्यांच्या जिल्ह्यातील योजनाही तिच्या बाहेर. मग या सर्वांना एकत्र आणण्यासाठी १९७४ मध्ये जिल्हा नियोजन व विकास मंडळे निघाली. जिल्ह्यासाठी निराळी योजना असावी हा आग्रह धनंजयराव गाडगीळ यांनी फार पूर्वीपासून धरला होता, आणि ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष असताना १९६९ साली जिल्हा योजना कशा कराव्यात याची मार्गदर्शक सूत्रे राज्यांकडे गेली होती. परंतु महाराष्ट्रात जिल्ह्याच्या नियोजनाचे अध्यक्षपद गेले मंत्र्याकडे. त्यामुळे जिल्ह्याची योजना जिल्ह्यात बसून होऊ लागली खरी. पण तिची थैली मुंबईहून येणाऱ्या हातातच राहिली.

१९९३ साली राज्यघटनेत त्र्याहत्तरावी आणि चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती अमलात आली. ग्रामपंचायतींना आणि नगरपालिकांना घटनेचा आधार मिळाला, आणि ‘जिल्हा नियोजन समिती’ या संस्थेस प्रथमच घटनेत स्थान मिळाले. पंचायतींनी आणि नगरपालिकांनी केलेल्या योजना या समितीने एकत्र कराव्यात आणि सबंध जिल्ह्याच्या विकासाचा आराखडा तयार करावा, असे घटना सांगते. ते करताना गाव आणि शहर यांच्या समाईक हिताच्या गोष्टी ध्यानात घ्याव्यात, असेही तीत आहे. आणि त्या समाईक गोष्टींत पाण्याची वाटणी नावानिशी नमूद केलेली आहे. सोनागिरीच्या घागरीचा विचार घटनाकारांच्या वारसांनी केला नव्हता असे म्हणता येणार नाही.

मग अडले कोठे? अडले ते येथे की, घटनेने समितीस आराखडा करावयास सांगितले, पण तो पार पाडण्यासाठी एक पैसाही तिच्या नावे मांडला नाही. आराखडा तयार झाला की अध्यक्षाने तो राज्य सरकारकडे पाठवावा, एवढेच घटनेत आहे. पुढे काय व्हावे याबद्दल घटना मौन पाळते. आणखी एक योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. ज्या १९९३ साली ही दुरुस्ती अमलात आली, त्याच वर्षाच्या डिसेंबरात संसद सदस्यांच्या स्थानिक विकास निधीची योजनाही सुरू झाली. एका हाताने नियोजनाचे काम स्थानिक संस्थांकडे दिले, आणि दुसऱ्या हाताने त्याच गल्ल्यांतील समाजमंदिरे आणि पाणपोया सुचविण्याचा अधिकार खासदाराकडे दिला. आमदारांचे निधीही जागोजाग आहेत. या निधींतून उपयोगी कामे झालीच नाहीत असे नाही. परंतु एकाच अंगणात दोन सूत्रधार झाले, आणि नकाशा पाहून काम ठरविण्याची सवय लागण्यापूर्वीच मोडली.

या बाबतीत मध्य प्रदेशाने जो उत्साह दाखविला त्याची नोंद आदराने केली पाहिजे. घटनादुरुस्तीनंतर पंचायतींच्या निवडणुका घेणारे हे पहिले राज्य. त्या १९९४ मध्येच झाल्या. १९९५ साली जिल्हा नियोजन समित्यांचा कायदा झाला. १९९७ च्या प्रारंभी शिक्षण हमी योजना आली. एक किलोमीटरच्या आत शाळा नसेल आणि चाळीस मुले असतील (आदिवासी भागात पंचवीस), तर गावाने मागणी करावी आणि सरकारने नव्वद दिवसांत तेथे गुरुजीची सोय करावी, असा तो करार होता. पाच वर्षांच्या आत अशा वीस हजारांहून अधिक शाळा उघडल्या. गुरुजींचे मानधन अल्प होते आणि त्या शाळांच्या गुणवत्तेबद्दल पुढे वादही झाले. पण या योजनेने एक गोष्ट निर्विवाद सिद्ध केली: मागणी गावाची, मुदत ठरलेली आणि पैसा हमखास, असे तिन्ही जुळले म्हणजे वर्षानुवर्षे न हललेले काम महिन्यांत हलते.

१९९९ साली त्याच राज्याने ‘जिला सरकार’ नावाचा आणखी मोठा प्रयोग केला. राजधानीतील खात्यांचे अनेक अधिकार जिल्हा नियोजन समितीकडे आले. जिल्ह्याचा प्रश्न घेऊन भोपाळच्या वाऱ्या करण्याचे कारण उरू नये, हा हेतू. पण समितीच्या शिरोभागी मंत्री आणि चिटणीस म्हणून जिल्हाधिकारी अशी रचना होती. त्यामुळे अधिकार जिल्ह्यात उतरले तरी ते पंचायतीच्या पायरीपर्यंत पोचले की वाटेत मंत्र्याच्या ओसरीवर थांबले, असा प्रश्न टीकाकारांनी विचारला, आणि तो अनाठायी नव्हता. २६ जानेवारी २००१ पासून ग्रामस्वराज्याची व्यवस्था लागू झाली. अधिकार सरपंचाकडून ग्रामसभेकडे गेले आणि गावासाठी ग्रामकोषाची तरतूद झाली. त्या कोषाचे चार भाग कल्पिले होते: अन्न, श्रम, वस्तू आणि रोकड. ज्याच्यापाशी पैसा नाही त्याने दोन दिवसांचे श्रम किंवा पायली दोन पायली धान्य कोषात घालावे, ही कल्पना भारतीय खेड्याच्या स्वभावाला धरून होती. परंतु २००३ च्या अखेरीस राज्यातील सरकार बदलले, आणि जिल्हा सरकारचा प्रयोग ओसरत गेला. ज्या सुधारणेचे मूळ कायद्यापेक्षा सत्ताधाऱ्याच्या इच्छेत अधिक असते, तिचे आयुष्य त्या सत्ताधाऱ्याइतकेच असते.

आता पैशाकडे वळावे. ग्रामपंचायतीकडे पैसा चार वाटांनी येतो: तिचे स्वतःचे कर, राज्याच्या उत्पन्नातील वाटा, केंद्रीय वित्त आयोगाचे अनुदान आणि निरनिराळ्या खात्यांच्या योजना. स्वतःचे कर बहुतेक ठिकाणी नाममात्र असतात. शेजाऱ्यावर कर बसविणे कोणत्याही सरपंचास प्रिय नसते. राज्याचा वाटा किती असावा हे दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोगाने ठरवावयाचे असते. पण अनेक राज्यांत हे आयोग वेळेवर नेमले गेले नाहीत. अखेर पंधराव्या केंद्रीय वित्त आयोगास असा दंडक घालावा लागला की, जे राज्य आपला आयोग नेमून त्याच्या शिफारशींवर कृती करणार नाही, त्यास मार्च २०२४ नंतर स्थानिक संस्थांचे अनुदान मिळू नये. आणि खात्यांच्या योजनांचा पैसा म्हणजे कपाळावर लेख लिहून आलेला पैसा. तो शौचालयाचा असेल तर शौचालयासच लागेल, शेजारची मोरी फुटून ओढा घाण होत असला तरी मोरीस लागणार नाही.

राहता राहिले केंद्रीय वित्त आयोगाचे अनुदान. चौदाव्या आयोगाने २०१५ ते २०२० या पाच वर्षांसाठी ग्रामपंचायतींना दोन लाख कोटींहून थोडी अधिक रक्कम दिली. पण ती केवळ ग्रामपंचायतींना. गट आणि जिल्हा पातळीवरील संस्थांचे हात रिकामे राहिले, म्हणजे ज्यांनी गावागावांत मेळ घालावयाचा त्यांच्याजवळच काही नव्हते. पंधराव्या आयोगाने ही चूक दुरुस्त केली आणि २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामीण संस्थांच्या तिन्ही पातळ्यांना मिळून २,३६,८०५ कोटी रुपयांची शिफारस केली. त्यांपैकी शेकडा सत्तर ते पंचाऐंशी ग्रामपंचायतींकडे जावेत असे ठरले. आकडा डोळे दिपविणारा आहे. पण देशात ग्रामपंचायती सुमारे अडीच लाख. भागाकार केला तर एका पंचायतीच्या वाट्यास वर्षाकाठी सरासरी तेरा ते सोळा लाख रुपये येतात. त्यांतील साठ टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठी बांधलेली. स्वतःच्या विचाराने खर्च करावयास उरतात ते पाच ते साडेसहा लाख. एवढ्यात एक बरासा रस्ताही पुरा होत नाही. ‘आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार’ ही म्हण येथे शब्दशः लागू पडते.

२०१५ पासून ग्रामपंचायतींनी दरवर्षी आपला विकास आराखडा करावा असा नियम झाला, २०१८ पासून त्यासाठी देशभर मोहीम निघाली आणि २०२० पासून हे आराखडे संगणकावर चढविले जातात. कागद वाढले हे खरे. परंतु आपल्या वाट्यास किती रक्कम येणार हे आधी निश्चित ठाऊक नसताना केलेला आराखडा म्हणजे बाजारात जाण्यापूर्वी लिहिलेली इच्छांची यादी. आणि रक्कम फेब्रुवारीत हाती पडून मार्चअखेर खर्ची घालावयाची असेल, तर तो वरातीमागून नाचविलेला घोडा होय. घरातील कर्ती बाई महिन्याच्या पहिल्या तारखेस हाती पडणारी रक्कम पाहून किराणा ठरविते. तिला जे कळते ते राज्याच्या कोषागारास कळू नये, असे काही नाही.

निधीनंतर मेळाचा विचार. भोपाळ जिल्ह्यात फंदा आणि बैरसिया असे दोनच गट आहेत. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे चोवीस लाख होती आणि तिच्यातील शंभरात ऐंशी माणसे शहरात राहत होती. घटनेचा नियम असा की, नियोजन समितीचे किमान चार-पंचमांश सभासद पंचायतींच्या आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सभासदांनी आपल्यांतून निवडावेत, आणि त्यांची वाटणी ग्रामीण व शहरी लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावी. नियम न्याय्य आहे. पण भोपाळसारख्या जिल्ह्यात त्याचा परिणाम पाहावा: समितीत आवाज शहराचा, आणि ज्या शिवारातून तलावाचे पाणी येते तेथील गावकऱ्यांचा आवाज अगदी क्षीण. सीहोर जिल्ह्यातील गावांना तर या समितीत जागाच नाही. त्यांचा जिल्हा निराळा, समिती निराळी. पाण्याने जिल्ह्याची हद्द पाहिलेली नसते, पण कागदाने पाहिलेली असते.

शहराच्या आतही हीच कथा आहे. सोनागिरीच्या रस्त्यावर महापालिकेची सत्ता, लगतच्या कारखान्याच्या वसाहतीत कारखान्याच्या व्यवस्थापनाची. शहराचा विकास आराखडा २००५ सालापर्यंतचा विचार करून आखलेला होता. २००५ उलटून गेल्यावरही पुढे बरीच वर्षे तोच चालत राहिला. जानेवारी २०१६ मध्ये ‘स्मार्ट सिटी’ योजनेच्या पहिल्या वीस शहरांत भोपाळची निवड झाली, तेव्हा तिच्यासाठी वेगळी कंपनी उभी राहिली. खर्च शहरावर व्हावयाचा, पण निर्णय मात्र निवडून आलेल्या सभागृहाबाहेर व्हावयाचे. अशा प्रत्येक नव्या यंत्रणेपाठीमागे काम लवकर व्हावे हा प्रामाणिक हेतू असतो. मात्र प्रत्येक वेळी मेळ घालण्याचे ओझे एका टाचेने वाढते, आणि ते उचलणारा खांदा तेवढाच अशक्त राहतो.

त्यातून निवडणुकाच झाल्या नाहीत तर? मध्य प्रदेशात पंचायतींची आणि महापालिकांची मुदत २०२० मध्ये संपली आणि निवडणुका झाल्या त्या २०२२ च्या जून-जुलैमध्ये. महाराष्ट्रात २०२२ पासून अनेक महापालिका आणि जिल्हा परिषदा कित्येक वर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. निवडून आलेले सभासद नसले की त्यांच्यातून निवडावयाची नियोजन समितीही पुरी होत नाही. मग योजना आखतो अधिकारी, मंजूर करतो अधिकारी आणि तपासतोही अधिकारीच. त्यात एखादा कर्तबगार अधिकारी उत्तम काम करीलही. पण त्याची बदली झाली की त्या कामाची आठवण ठेवणारे कोणी उरत नाही.

ही कोंडी फुटूच शकत नाही असे मात्र नाही. केरळने १९९६ साली राज्याच्या योजना-खर्चातील पस्तीस ते चाळीस टक्के रक्कम स्थानिक संस्थांकडे देण्याचा निर्णय घेतला. त्याचे मर्म केवळ रकमेत नव्हते. प्रत्येक संस्थेच्या वाट्याची रक्कम राज्याच्या अंदाजपत्रकाबरोबरच छापली जाऊ लागली, त्यामुळे ग्रामसभेत बसलेल्या माणसास आपल्या थैलीत किती आहे हे ठाऊक असे. गावच्या आराखड्यांची तांत्रिक तपासणी करावयास अभियंते पुरेनात, तेव्हा निवृत्त तज्ज्ञांची स्वयंसेवक पथके उभी राहिली. दूर आफ्रिकेत केनियाने २०१० च्या राज्यघटनेत असे लिहून ठेवले की, राष्ट्रीय महसुलाचा किमान पंधरा टक्के वाटा त्या देशाच्या सत्तेचाळीस परगण्यांकडे गेलाच पाहिजे. तेथेही पैसा वेळेवर न मिळाल्याच्या तक्रारी झाल्या आहेत. पण तेथे ती तक्रार हक्काची असते, याचनेची नव्हे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गावात जातीचे आणि धनाचे वर्चस्व असते, हिशेबात गोंधळ असतो, ज्ञान तोकडे असते. तेव्हा मोकळा पैसा तेथे दिला तर तो बलवंताच्या घशात जाईल. ही भीती खरी आहे. परंतु तिच्यावरचा उपाय पैसा वर ठेवणे हा नव्हे, कारण वरही तो सुरक्षित राहिल्याचा अनुभव नाही. अंतर एवढेच की, राजधानीत लांबलेले काम गावकऱ्यास दिसत नाही, आणि गावातील कच्ची भिंत त्याला रोज दिसते. जे दिसते त्याचा जाब विचारता येतो. म्हणून मोकळ्या पैशाबरोबर उघडा हिशेब, वेळेवर लेखापरीक्षण आणि ग्रामसभेपुढे त्याचे वाचन ही अट असावी. पण ती अट पैसा नाकारण्याची सबब होऊ नये.

मग भोपाळसारख्या जिल्ह्यात काय करता येईल? प्रथम, प्रत्येक पंचायतीस आणि महापालिकेस पुढील वर्षाची रक्कम योजना आखण्यापूर्वी कळली पाहिजे, आणि तिचा निदान अर्धा भाग कोणत्याही खात्याच्या लेखाने बांधलेला नसावा. दुसरे, जिल्हा नियोजन समितीजवळ तिची स्वतःची लहानशी थैली असावी. त्या थैलीतून गावातील अगर गल्लीतील काम होऊ नये. केवळ दोन हद्दींच्या शिवेवरचे काम व्हावे. फंद्याच्या एखाद्या गावाने ओढ्याकाठच्या गटाराची व्यवस्था करावयाचे ठरविले आणि महापालिकेने तलावाच्या हितासाठी त्यात आपला वाटा घातला, तर समितीने दोघांच्या रकमेइतकी भर घालावी. महाराष्ट्राच्या जुन्या कायद्यातील जोड-अनुदानाचे तत्त्व या ठिकाणी नव्या कामास येईल. समन्वयाची व्याख्याने देऊन शेजारी एकत्र येत नाहीत. एकत्र आल्यास काही पदरात पडते असे दिसले म्हणजे येतात. तिसरे, दहा लाखांवर वस्तीच्या महानगर प्रदेशासाठी घटनेने निराळ्या नियोजन समितीची सोय केली आहे आणि ती जिल्ह्याच्या हद्दी ओलांडू शकते. तीत दोन-तृतीयांश जागा निवडून आलेल्यांच्या आहेत. सीहोरच्या गावांना भोपाळच्या पाण्याविषयी बोलावयास जागा द्यावयाची असेल तर ती तेथे देता येईल. परंतु ती समिती इमारतींचे आणि रस्त्यांचे नकाशे मंजूर करणारी कचेरी बनता कामा नये.

आणि चौथी गोष्ट पैशाची नसून माणसांची आहे. आराखडा करावयास अभियंता लागतो, हिशेबनीस लागतो, जमिनीची मोजणी समजणारा लागतो. पंचायतींजवळ अशी माणसे नाहीत, ही तक्रार भोपाळभोवतीच्या गावांनी करावी हे जरा आश्चर्यच. ज्या शहरात १९५६ पासून विजेची अवजड यंत्रे घडविण्याचा उद्योग उभा राहिला, त्या शहरात सेवानिवृत्त अभियंत्यांची वाण कशी असेल? सोनागिरी आणि आसपासच्या वस्त्यांत सकाळी फिरावयास जाणाऱ्या मंडळींत किती हातांना नकाशा वाचता येत असेल, याचा अंदाज कोणीही बांधावा. केरळने जे केले ते येथे अशक्य मानण्याचे कारण नाही. कोणी तरी त्यांना बोलाविले पाहिजे, आणि त्यांनी केलेल्या कामाला थैलीचा आधार मिळाला पाहिजे. आधाराविना बोलावणे म्हणजे आणखी एक समिती.

विकेंद्रीकरण हे सरकारने खालच्यांवर केलेले औदार्य नव्हे, आणि खालच्यांनी वरच्यांविरुद्ध मिळविलेला विजयही नव्हे. ज्याच्या दारी प्रश्न आहे त्याने तो सोडवावा, आणि ज्यांचे प्रश्न एकाच ओढ्यावर आहेत त्यांनी ते एकत्र बसून सोडवावेत, एवढाच त्याचा साधा अर्थ. त्यासाठी कायद्याचे शब्द तीस वर्षांहून अधिक काळ लिहिलेले आहेत. उरले आहे ते त्या शब्दांपुढे रक्कम लिहिण्याचे काम. ते झाले, तर कोलांसच्या काठच्या गावातील सरपंच आणि सोनागिरीचा नगरसेवक यांना वर्षातून निदान एकदा एका टेबलाशी बसावे लागेल. आणि सोनागिरीच्या गृहिणीस पहाटे घागर भरताना ते पाणी कोणाच्या शिवारातून आले हे ठाऊक नसले, तरी त्या शिवाराची काळजी घेणाऱ्यास तिच्याही पट्टीतला एक पैसा पोचत असेल.